एलमला काय येतं

४ मार्च, मंगळवार
वारा आहे, ऊन नाही. कालचं धुणं अजून दमट. इस्त्री उद्यावर टाकली.

आज जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मी आणि एलम टेकडीवरच्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत राहायला जाणार. आयव्हनचा घास हातातच राहिला. वर्नाने खाली बघितलं. सून हुशार आहे, आनंद झाला तरी दाखवत नाही.

आयव्हन म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील? मुलानं म्हाताऱ्यांना घालवून दिलं म्हणतील."

मी म्हटलं, "म्हणू देत. तू गिळ तो घास."

खरं कारण कुणाला सांगितलं नाही, इथं लिहिते. गेल्या महिन्यात एलमच्या छातीत कफ झाला, तेव्हा वर्नाने त्याचं सगळं केलं. परवा मी टब आणायला धुण्याच्या खोलीत गेले, तर ती बादली उपडी घालून बसलेली, मांडीवर पोर, आणि रडत होती. मला बघून म्हणाली, कांदा चिरत होते. धुण्याच्या खोलीत कुठला कांदा? आठ पोरं आहेत तिला आणि नववं पोटात. वर आम्ही दोघं, भिंतीला भिंत लावून बांधलेल्या म्हाताऱ्यांच्या घरात. मी टब घेतला आणि आले.

दुसरा रस्ता फिरतीचा. एलमच्या आईला तसंच फिरवली होती. या मुलाकडे महिना, त्या मुलीकडे महिना, पेटी घेऊन. मेली तेव्हा तिची चप्पल कुणाच्या घरी राहिली हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. आमची तीन पोरं तर लांब न्यूयॉर्क राज्यात शेती करतात. नको.

एलमला विचारलं, तुझं काय म्हणणं? तो म्हणाला, "मला काय कळतंय. लविना म्हणेल ते." नेहमीचंच.

९ मार्च, रविवार
मोटारवाल्यांनी आज उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली. आपण घोडागाडीवाले नाही करत. देवाची वेळ आहे तीच बरी आहे.

प्रार्थनेनंतर एडाकडे जेवायला. एडा म्हणजे एलमची बहीण, तोंड माझ्यापेक्षाही तिखट. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. बीटच्या रसातली अंडी वाढता वाढता म्हणाली, "गुरं काढायची असली तर लोक निदान लिलाव तरी लावतात. तुम्ही गुपचूपच निघालात."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, लिलाव लावला असता गं, पण एलमवर बोली कोण लावणार? हसल्या सगळ्या. एलमही हसला. मी मात्र अंडं ताटात बाजूला सारलं. आमच्या मंडळीतलं आजवर कुणी टेकडीवर गेलेलं नाही. तिथे जे जातात ते मुळात आपल्याच पंथातले, पण मोटारी घेतलेले, रंगीत कपड्यांचे. काळ्या टोपीतली म्हातारी त्यांच्यात जाऊन बसणार. सून-मुलगा धडधाकट असताना.

परत येताना चौकात एलमने घोडी डावीकडे वळवली. तिथे कुठे जायचंय, म्हटलं, ती जुनी चक्की पडून किती काळ झाला. तो म्हणाला, घोडीच वळली. घोडीला दोष देतो. मी लगाम घेतला.

१९ मार्च, बुधवार
हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

आज टेकडीवर तपासणी होती. तिथला करार असा, की धडधाकट असताना आत यायचं. छोटं घर देतात, स्वतःची चूल, स्वतःचं अंगण. मग पुढे हातपाय गेले की त्याच आवारातल्या काळजीघरात नेतात आणि शेवटपर्यंत सांभाळतात. मुलांच्या दारात पेटी घेऊन जावं लागत नाही. पण आत शिरताना माणूस धड पाहिजे. म्हणून आधी प्रश्न विचारतात.

विचारायला एक पोरगी होती, नखं रंगवलेली. बोलायला गोड. इंग्रजीत विचारत होती.

एलमला विचारलं, आंघोळ स्वतः करता का? म्हणाला, होईल तेवढी. घोडागाडी स्वतः चालवता? म्हणाला, घोडीच चालवते, मी नुसता बसतो. बागकाम? म्हणाला, मला काय येतंय, लोक चालवून घेतात. पोरगी लिहीत गेली.

मला घाम फुटला. ही आमची बोलायची रीत आहे. आमच्यात "मला येतं" असं तोंडाने म्हणणारा माणूस निलाजरा. आणि एलम तर त्यातला अर्क. तीस-चाळीस वर्षं लोकांच्या सफरचंदाच्या बागा छाटल्या, पण कुणी शाबासकी दिली की म्हणायचा, झाड चांगलं आहे, मी काय केलं. ते त्या पोरीला काय माहीत? तिने आपलं लिहिलं, येत नाही, येत नाही, येत नाही.

मग विचारलं, किती वाजले असतील? एलम म्हणाला, नऊ. भिंतीवर दहा. मी मध्ये बोलले, बाई, आमच्याकडे नऊच वाजलेत, आम्ही काटा पुढे करत नाही. तिने तेही लिहिलं. देशाचा अध्यक्ष कोण विचारलं, तर म्हणाला, त्या माणसाशी माझं काही काम नाही. खरंच आहे, आम्ही मत द्यायला जातच नाही. घड्याळ काढायला सांगितलं. त्याने सगळे आकडे एकाच बाजूला काढले. कागद लहान होता.

तीन शब्द सांगून नंतर विचारले. त्याला लोकर एवढंच आठवलं. म्हणाला, लोकर, पण मेंढ्या आता कोण पाळतं. मी मोठ्याने हसले, जसं काही तो गंमत करतोय.

मग माझी पाळी. मी सगळं धडाधड सांगितलं. स्वयंपाक येतो, शिवण येतं, बरण्या भरते, हिशोब येतो. येतं, येतं, येतं. आमच्या धर्मगुरूने ऐकलं असतं तर मान खाली घातली असती. एलम शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

दारात उतरल्यावर म्हटलं, "परक्यासमोर खुळ्यासारखा का बसलास?" तो म्हणाला, चुकलं. आणि घोडी सोडायला गेला. बराच वेळ आला नाही. बघितलं तर घोडीचा साज हातात धरून गोठ्यात उभा. रुसला असणार.

२७ मार्च, गुरुवार
टेकडीवरून फोन आला. आयव्हनने घेतला, मग मला दिला. मला छोटं घर मिळेल. एलमला नाही. त्याला हवं तर सरळ काळजीघरात घेतील. म्हणजे मी एका छपराखाली, तो दुसऱ्या.

मी फोनवरच्या बाईला सुनावलं. म्हटलं, तुम्ही विनयी माणसाला विचारलंत आणि त्याचं खरं धरलंत. वर परक्या भाषेत विचारलंत. वर तुमच्या घड्याळाने विचारलंत. आमच्या माणसाला आमच्या भाषेत विचारा, मग बघा.

बाई ऐकून घेणारी होती. म्हणाली, आमच्याकडे ब्रेंडा कॉफमन म्हणून एक परिचारिका आहे, तिची आजी तुमच्यातली, तिला तुमची भाषा येते. जूनमध्ये पुन्हा या, ती विचारेल.

जिंकले असं वाटलं. वर्ना फोनजवळच उभी होती. तिला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "आई, बाबांना खरंच..." आणि थांबली. अर्धं बोलायची खोड आहे तिला.

१७ एप्रिल, गुरुवार
ईस्टरच्या आधीचा गुरुवार. या दिवशीच्या रीतीप्रमाणे रानपाला खुडला, डुकराच्या चरबीत फोडणी देऊन खाल्ला. एलमने दोनदा मीठ घातलं. जिभेची चव गेलीय त्याची.

आजपासून त्याला शिकवायला लागले. जून लांब नाही. चार वाक्यं बसवली आहेत. मी रोज घोडी जुंपतो. मी सफरचंदाची झाडं छाटतो. माझं मी आवरतो. मला सगळं येतं.

पहिली तीन म्हणतो. चौथं त्याच्या तोंडातून निघेना. म्हणाला, "लविना, असं कसं म्हणायचं? लाज वाटते." मी म्हटलं, लाज मला वाटते तुझी, म्हण. म्हणाला शेवटी, पण खिडकीकडे बघून.

६ मे, मंगळवार
बटाटे लावले. एलमने एकाच ओळीत दोनदा लावले, आधीचे पुन्हा उकरून. हल्ली लक्षच नसतं. रात्री उठून दार उघडतो, गुरांना बघायला जातो म्हणे. गुरं विकून किती काळ झाला. मी मागे धावते. दिवसा डोळे मिटतात माझे. गोधडी शिवताना दोनदा सुई टोचून घेतली.

११ जून, बुधवार
मटार आले. सकाळभर ओसरीवर बसून सोलले. मी, एलम, वर्ना आणि तिची चार पोरं.

मी सोलता सोलता एलमला प्रश्न विचारत होते. आज वार कोणता? त्याने वळून धुण्याच्या दोरीकडे बघितलं, आमचं धुणं सोमवारचं. मग म्हणाला, "दोरीवर कपडे नाहीत. म्हणजे सोमवार नाही."

पोरं हसली. त्यांना वाटलं आजोबा विनोद करतात. मी म्हटलं, नाही तो नको सांगू, आहे तो सांग. पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. मोठ्याने विचारलं, कारण तो ऐकू आलं नाही असं दाखवतो. हातातली शेंग तशीच धरून बसला होता, न उघडलेली.

वर्ना म्हणाली, "आई, पुरे करा. बाबांना घाम आलाय."

मी म्हटलं, "तुझ्याच पायी चाललंय हे सगळं."

तोंडातून निघून गेलं. पोरांसमोर. वर्नाने पाटी उचलली आणि आत गेली. पोट एवढं पुढे आलंय, उठताना खांब धरावा लागला तिला. एलम म्हणाला, "बुधवार." बरोबर होतं. मोठ्या पोरीने कानात सांगितलं असावं.

संध्याकाळी वर्नाकडे जाऊन काहीतरी बोलावं असं मनात होतं. गेले, तर ती पोरांना न्हाऊ घालत होती. म्हटलं, मटार चांगले निघाले यंदा. ती म्हणाली, हो. परत आले.

२४ जून, मंगळवार
ऊन फार. गवत कापायला सगळे शेतात, आम्ही दोघं टेकडीवर पुन्हा तपासणीला.

ब्रेंडा कॉफमन डोक्यावर टोपी घालत नाही, केस कापलेले, पण बोलायला लागली तर माझी आजीच बोलते असं वाटलं. जुने जुने शब्द. आम्हीही आता वापरत नाही ते. मी मनात म्हटलं, आता जमलं.

तिने एलमला आधी झाडांबद्दल विचारलं. फांदी कुठे कापायची, कलम कधी बांधायचं. एलम फुलला. हाताने दाखवत सांगितलं, डोळा बाहेरच्या बाजूचा ठेवायचा, म्हणजे झाड मोकळं वाढतं. मी खुर्चीत मागे टेकून बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मग ब्रेंडाने विचारलं, एलम, तुमच्या मुलांची नावं काय?

एलम सरळ बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, शाळेत ठेवायचे तसे. म्हणाला, "मी रोज घोडी जुंपतो. मी सफरचंदाची झाडं छाटतो. माझं मी आवरतो." मग थांबला. मान लाल झाली होती. म्हणाला, "मला सगळं येतं."

ब्रेंडाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मला पायाखालची फरशी फाटावी असं झालं. मी खिडकीबाहेर बघायला लागले, एक माणूस यंत्राने गवत कापत होता.

एलमला कळलं काहीतरी बिघडलं. तो पुढे वाकून ब्रेंडाला हळूच म्हणाला, जसं काही मी तिथे नाहीच, "बाई, हिला काही बोलू नका. हिने फार मेहनत घेतली. मलाच बसलं नाही डोक्यात."

ब्रेंडा म्हणाली, नाही बोलत, एलम. आणि पुढचं काही विचारलंच नाही. त्याला थंड पुदिन्याचा चहा दिला.

येताना लगाम माझ्याकडे होता. गावाबाहेर पडल्यावर तो आपण होऊन बोलला. एवढं सलग बोललेला मला आठवत नाही. म्हणाला, त्याला बरेच दिवस ठाऊक आहे. एका हिवाळ्यात बर्फात गोठ्यातून घरी येताना त्याला घर सापडेना, तेव्हा धुण्याच्या दोरीला धरून आला. कुणाला सांगितलं नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की मला काय येतंय, मला काय कळतंय असं म्हटलं की लोक पुढे खोदत नाहीत. उलट खूश होतात.

"सगळे म्हणायचे, एलम किती नम्र," तो म्हणाला. "आधी असेन थोडाफार. नंतरचं नाव मी फुकटच खाल्लं, लविना."

मी म्हटलं, खुळ्यासारखं बोलू नकोस. रस्ताभर तेवढंच बोलले.

मी त्याच्याबरोबर एका ताटात जेवते, एका बिछान्यात झोपते. वर्नाला कळलं होतं. घोडीला कळलं होतं. मला दिसलं नाही, आणि मी त्याला चारचौघांत वार विचारत होते.

२५ जून, बुधवार
काही लिहायचं नाही. स्ट्रॉबेरीचा शेवटचा तोडा. बरण्या भरल्या.

२ जुलै, बुधवार
ब्रेंडा आज स्वतः घरी आली. मोटार रस्त्यावरच उभी करून चालत आली, एवढी रीत तिला ठाऊक आहे. ओसरीवर आम्ही दोघं, आयव्हन आणि वर्ना.

तिने नीट समजावून सांगितलं. एलमला काळजीघरात घेता येईल, लवकरच जागा होतेय. माझ्यापुढे दोन वाटा. एक, काळजीघरातच दोन खाटांची खोली आहे, मी त्याच्याबरोबर राहू शकते. जेवण तिथलंच, चूल नाही, दार संध्याकाळी लावून घेतात. दुसरी, पलीकडच्या बाजूला छोटं घर, हिरवळ ओलांडली की...

"छोटं घर," मी म्हटलं.

तिचं वाक्य अजून पुरं झालं नव्हतं. आयव्हनने माझ्याकडे बघितलं. मार्चपासून मीच सगळ्यांना सांगत सुटले होते, दोघं एका छपराखाली, दोघं एका छपराखाली. फोनवर त्या बाईशी भांडले ती त्याच्यासाठीच. आणि दोन खाटा समोर ठेवल्या तर मी अशी बोलले, जशी पोरं शेवटचा केकचा तुकडा मागतात.

ब्रेंडा म्हणाली, विचार करा, घाई नाही. मी म्हटलं, विचार झालाय. मग माझं मीच सांगत सुटले, की मला माझी चूल लागते, मला कपडे वाऱ्यावर वाळवायला लागतात, माझं शिवणयंत्र कुठे ठेवू. एलम मान हलवत होता. म्हणाला, "घे ना. चूल आहे तिथं. चांगलं आहे."

चूल वगैरे सगळं खोटं. मला एक रात्र सलग झोपायचं होतं. दार वाजलं की उठायचं नाही, अंधारात त्याच्या मागे गोठ्यापर्यंत जायचं नाही. एवढंच हवं होतं, आणि ते मला नवऱ्यापेक्षा जास्त हवं होतं.

ब्रेंडा गेल्यावर वर्ना पेले गोळा करत होती. माझ्या शेजारी आली, पेला घेतला आणि क्षणभर माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती एकटीच होती जिला काही सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी मटार सोलताना मी जे बोलले..." ती म्हणाली, "कांदा चिरत होतात तुम्ही, आई." आणि आत गेली.

सूनबाईचं तोंड माझ्यावर गेलंय हे मला आजच कळलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
मका काढला, दाणे सुटे करून गोठवले. यंदा माझ्या वाट्याचे कमी डबे भरले, तिथे जागा नाही.

वर्नाला मुलगी झाली. एलमने तिला मांडीवर घेतलं. नाव विचारलं, सांगितलं, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. वर्ना दर वेळी पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगते.

एडा येऊन गेली. म्हणाली, नवऱ्याला एका दाराला आणि स्वतः दुसऱ्या दाराला, असं कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, आता ऐकलंस. ती म्हणाली, माझा भाऊ आहे तो. मी म्हटलं, मग महिनाभर ने तुझ्याकडे, रात्री तूही जाग. जाताना त्यांच्या आईची जुनी पेटी मागितली, मी दिली नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार
काल आलो. आयव्हनने दोन खेपा केल्या.

एलमला आधी पोचवला. खोलीत खाट, खुर्ची, खुंटी. त्याने टोपी खुंटीवर अडकवली, खाटेवर बसला आणि म्हणाला, "तू कधी निघणार?" मला वाटलं होतं धरून बसेल, घरी ने म्हणेल. तयारी करून गेले होते मी. तो नुसता वाट बघत होता मी कधी निघते याची, पाहुणे रेंगाळले की आपण बघतो तशी.

रात्री झोपले. सकाळी उजाडल्यावरच जाग आली. किती दिवसांनी असं झालं देव जाणे. अंग हलकं झालं होतं आणि मला स्वतःचा रागच आला. शेजारची मोटारवाली बाई केक घेऊन आली, म्हणाली, छान झोप लागली का? मी म्हटलं, नाही, जागाच नवी ना.

खोटं बोलले.

२१ सप्टेंबर, रविवार
प्रार्थनेला आयव्हन न्यायला आला. बायका नेहमीपेक्षा जास्त गोड बोलल्या. त्यापेक्षा एडाचं टोचणं बरं.

दुपारी एलमकडे गेले. बाहेर बाकावर बसला होता, शेजारी एक म्हातारा, पूर्वी शाळेची बस चालवायचा तो. तो इंग्रजीत बसबद्दल सांगत होता, एलम आपल्या भाषेत घोडीबद्दल. दोघं हसत होते. मी लांबूनच ऐकलं. एलम म्हणत होता, ती घोडी अशी की मला न विचारता चक्कीवर न्यायची. घरी कित्येक महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता. तिथे कामाला असलेली मुलगी आली, म्हणाली, "एलम, मी रोझा, चला जेवायला, आज कोंबडी आहे." सगळं स्वतःच सांगून टाकलं. तो उठून गेला तिच्याबरोबर, जेवून आला.

मग मी जवळ गेले. विचारलं, जेवलास? काय होतं? तो थांबला. म्हटलं, आत्ताच जेवलास ना, आठव. मग विचारलं, बरं, मी कोण ते सांग.

का विचारलं माझं मला कळत नाही. माझं नाव त्याच्या तोंडून ऐकायचं होतं असेल.

त्याची मान लाल झाली. दोन्ही हात गुडघ्यांवर गेले. बसवाल्याकडे बघून ओशाळं हसला आणि मला म्हणाला, "मला काय येतंय, बाई."

बाई म्हणाला. परक्या माणसाला म्हणतो तसं.

घरी येऊन इस्त्री केली. रविवारी. आयुष्यात कधी रविवारी इस्त्रीला हात लावला नव्हता.

१ ऑक्टोबर, बुधवार
दहा दिवस गेले नाही तिकडे. थंडी आहे, गुडघा दुखतो, असं सांगितलं. हिरवळ ओलांडायला गुडघा लागतो किती.

खरं म्हणजे तो हात गुडघ्यांवर ठेवतो ते मला बघवत नाही. मला बघितलं की त्याला तपासणी आठवते. बाकी सगळं विसरला, आणि ते राहिलं. त्याला वाटतं मी काहीतरी विचारायलाच आलेय. आणि खरंच, मी दुसरं काय करते? गेल्या हिवाळ्यापासून मी त्याच्याशी प्रश्न सोडून बोललेले नाही. वार कोणता, मीठ घातलंस का, दार का उघडलंस, ऐकू येत नाही का, कळत नाही का.

ब्रेंडा सकाळी दारात आली. म्हटलं, ती मला बोलणार. ती म्हणाली, एलम मजेत आहे, तुम्हाला हवं तेव्हा या. नुसतं एवढंच. मी म्हटलं, मी आले की तो घाबरतो. ती म्हणाली, हो, पाहिलंय मी. गोड लावून बोलली नाही, त्याबद्दल तिला माझ्याकडची मुरवलेली काकडी दिली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
रात्री दहिवर पडलं होतं, आता स्वच्छ ऊन. कपडे दुपारपर्यंत वाळले.

एलमकडे गेले. आवारात सफरचंदाची दोन जुनी झाडं आहेत, कुणी न छाटलेली, त्यांच्याखाली बाकावर एकटाच होता. पायाशी पाटी, त्यात पडलेली फळं. किडकी एका बाजूला, चांगली दुसऱ्या बाजूला करत होता. मला येताना बघितलं आणि हातातलं सफरचंद पाटीत ठेवलं. हात गुडघ्यांकडे निघाले.

तिथे पोचायच्या आधीच मी म्हटलं, "मी लविना. तुझी बायको. आज गुरुवार आहे. मी पलीकडे राहते, त्या पांढऱ्या घरात. तुला बघायला आलेय, काम काही नाही."

शेजारच्या बाकावरच्या बायका बघत होत्या. नवऱ्याला स्वतःचं नाव सांगणारी बायको. बघू देत.

एलमने माझ्याकडे नीट बघितलं, टोपीपासून बुटांपर्यंत. म्हणाला, "बरं झालं सांगितलंस."

"आयव्हनच्या धाकटीचं नाव नाओमी," मी म्हटलं. "ती आता हसायला लागलीय. वर्नाची पाठ बरी आहे. मका यंदा चांगला झाला."

तो ऐकत होता. मध्येच एक सफरचंद उचलून मला दाखवलं, म्हणाला, या झाडाला कुणी हात लावलेला नाही, आतून गर्दी झालीय, ऊन पोचत नाही. फेब्रुवारीत छाटायला हवं. मी विचारणार होते, फेब्रुवारी म्हणजे कधी ते आठवतंय का. जिभेवर आलं होतं. गिळलं.

त्याने पाटी पायाने पुढे सरकवली आणि बाकावर थोडा बाजूला झाला. मी बसले. किडकी मी घेतली, चांगली त्याने.